तुमचे प्रश्न : अफगाणिस्तानला जुने कपडे पाठवायचे का?

मागच्या अंकात मी इराण आणि पाकिस्तानातून परत धाडल्या जाणाऱ्या अफगाण कुटुंबांवर अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतक्या व्हॉइस नोट्स आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. लांबलेले प्रश्न थोडे छाटलेत, भाषा मात्र तुमचीच ठेवलीय.

ताई नमस्कार. आमचा १४ बायकांचा बचत गट आहे. अफगाणिस्तानातल्या कुनारच्या भूकंपाचे व्हिडिओ बघून लई वाईट वाटलं. साड्या, स्वेटर, चादरी अशी आठ पोती जमल्यात आणि रोख ११ हजार रुपये. हे तिकडं पोचवायचं कसं? — गटाच्या सचिव, शिरोळ तालुका

ताई, पोती पाठवू नका. तुम्ही शिरोळच्या आहात म्हणून एवढं थेट सांगते, कारण २०१९ चा ऑगस्ट तुम्ही माझ्याहून जास्त सोसलाय. त्या महापुरात मी एका शाळेतल्या छावणीत नोंदवही घेऊन बसले होते. पाणी अजून उतरलंही नव्हतं आणि टेम्पोमागनं टेम्पो यायला लागले, सगळ्या महाराष्ट्रातनं, आणि निम्म्या टेम्पोत कपडे. फाटके ब्लाऊज, लग्नातल्या शेरवान्या, एकाच पायातल्या चपला. ते निवडायला दहा पोरं दिवसभर अडकली, आणि त्याच वेळी बायका विचारत होत्या की खराटा हाय का, फावडं हाय का, फिनेल मिळंल का, म्हशीला वैरण कुठं मिळंल. वैरण! त्याचा एक टेम्पो आला तर माणसं रडली. कपड्यांचे ढीग मात्र ओले होऊन कुजले आणि शेवटी आपल्याच लोकांना ते गावाबाहेर नेऊन टाकावे लागले. देणाऱ्यांच्या मनात काडीची खोट नव्हती हो, पण आम्हाला काय हवंय हे कुणी आधी विचारलंच नाही.

कुनारमध्ये ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री ६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरउतारावर एकाच्या डोक्यावर एक अशी दगडमातीची घरं, लोक झोपेत, २२०० च्या वर माणसं गेली. दरडी कोसळून रस्ते बंद झाले म्हणून पहिले काही दिवस हेलिकॉप्टरशिवाय पोचताच येत नव्हतं. अशा ठिकाणी आपली आठ पोती न्यायची तर पाकिस्तानातनं जाणारी अटारीची वाट २०२५ च्या एप्रिलपासून बंद, राहिली इराणच्या चाबहार बंदराची वाट, आणि तिकडनं नेण्याचं भाडंच त्या कपड्यांच्या किमतीच्या कैक पट होईल. त्यापेक्षा जलालाबादच्या बाजारात ब्लँकेट मिळतं, पत्रा मिळतो, तेल-तांदूळ मिळतो. तिथल्या बाईच्या हातात रोकड पडली की ती आपल्या पोराच्या मापाचा स्वेटर घेते, आणि तो पैसा तिथल्याच दुकानदाराकडं, हमालाकडं फिरतो. म्हणून बऱ्याच मोठ्या संस्था बाजार चालू असेल तिथं वस्तूऐवजी रोख द्यायला लागल्यात. बाजारच कोसळलेला असेल तर मग पीठ, तंबू, औषधं न्यावीच लागतात, ते वेगळं.

तुमचे ११ हजार संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडं, म्हणजे निर्वासितांचं काम बघणारी यूएनएचसीआर, अन्नाचं बघणारी डब्ल्यूएफपी, मुलांचं बघणारी युनिसेफ, नाहीतर रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडं देता येतील. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशावर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही हे आधीच ध्यानात घ्या. बँकेतनं बाहेर पाठवायचे तर फॉर्मवर कारण 'देणगी' असंच लिहायचं. आणि कुणी 'हवाल्यानं लगेच पोचवतो' म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. काबूलच्या सराय शहजादा बाजारात हवाला हा रोजचा धंदा आहे, युद्धात बँका बंद असताना घराघरात पैसा त्यानंच पोचवला, पण आपल्याकडं तो बेकायदा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. पावती आणि संस्थेचं नाव बघा, मग द्या.

आणि ती पोती वाया नाही जायची. गळीत हंगाम आहे, तुमच्याच शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. पहाटे चारला फडात जाणाऱ्या आईबरोबर खोपीत कुडकुडणारी पोरं आहेत, त्यांना विचारून, मापानं स्वेटर द्या.

मॅडम, अफगाण लोक २०२१ ला तालिबान आल्यावर पळाले ना? मग पाकिस्तान म्हणतंय की ४० वर्षं सांभाळलं, ते कसं? — एक वाचक, कागल

२०२१ हे शेवटचं प्रकरण आहे, पहिलं नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या आणि लोक डोंगर ओलांडून निघाले. १९९० च्या सुमाराला देशाबाहेर साधारण ६० लाख अफगाण होते, बहुतेक पाकिस्तान आणि इराणमध्ये. मग फौजा गेल्या, आपसातली लढाई, तालिबान, २००१ ला अमेरिका. त्यानंतर आशा वाटून ५० लाखांहून जास्त लोक परत आले सुद्धा, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर पुन्हा देशाबाहेर निघाले. म्हणजे पेशावरच्या वीटभट्टीवर आज जो पोरगा काम करतोय त्याचा जन्म पाकिस्तानात, त्याच्या बापाचाही जन्म कदाचित पाकिस्तानात, आणि कागदावर मात्र तो अफगाण.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्ताननं जाहीर केलं की कागद नसलेल्यांनी १ नोव्हेंबरच्या आत निघायचं. इराणनं २०२५ मध्ये तेच केलं, आणि जूनमधल्या इस्रायलबरोबरच्या युद्धानंतर तर इतकं वाढवलं की हेरातजवळच्या इस्लाम कला नाक्यावर जुलैत एकेका दिवशी ४०-५० हजार माणसं उतरत होती. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावातली सगळी माणसं एका दिवसात एका फाटकातनं बाहेर पडली असं डोळ्यापुढं आणा, उन्हात, हातात एक बोचकं. २०२५ या एका वर्षात दोन्ही देशांतनं मिळून २० लाखांहून जास्त लोक अफगाणिस्तानात आले.

बातमीत याला 'घरवापसी' म्हणतात, मला तो शब्द टोचतो. ज्यानं ते गाव कधी बघितलंच नाही, जिथं त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची घरवापसी कशी होईल? नाक्यावर बिस्किटं, पाणी, थोडी रोकड मिळते, ती मिळायलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांनी प्रश्न येतो की गावात आधीच पाणी पुरत नाही आणि आता पन्नास घरं वाढली. म्हणून निर्वासितांची मदत आणि गावाचा विकास या दोन वेगळ्या फायली करून चालत नाहीत. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

आमची भोगावतीकाठची शेती, ऊस आणि भात. अफगाणिस्तान म्हणजे नुसतं वाळवंट आणि दगड असं वाटतं, तिथं शेती करतात तरी कशी, आणि शेतीसाठी मदत म्हणजे नेमकं काय देतात? ट्रॅक्टर? बियाणं? — शेतकरी, राधानगरी तालुका

दादा, तुमच्या प्रश्नानं फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर तुमच्या नदीत उभं आहे. बंधारा.

तिथं पाऊस तुटपुंजा, पण हिंदुकुशच्या डोंगरावर बर्फ पडतो, तो वितळून नद्यांना पाणी येतं, आणि त्या पाण्यावर गहू, मका, भात, द्राक्षं, डाळिंब, जर्दाळू. ते पाणी दोन जुन्या वाटांनी शेतात येतं. एक नदीतनं काढलेले पाट. दुसरी कारेझ, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यापासून जमिनीखालनं खणत आणलेला बोगदा, मधेमधे विहिरीसारखी भोकं, पंप नाही, वीज नाही, उतारावर पाणी आपोआप गावात. कारेझची दरवर्षी साफसफाई लागते आणि ती गावानं मिळून करायची असते. माणसंच पळून गेली तर बोगदा गाळानं बुजतो. चाळीस वर्षांच्या लढाईत हेच झालं. आता कंदाहार, हेलमंदकडं सोलर पंपाच्या खोल बोअर इतक्या झाल्यात की पाणी आणखी खाली चाललंय आणि उरल्यासुरल्या कारेझ सुकताहेत. सोलर पंप वाटणं फोटोला लई चांगलं दिसतं, पण किती उपसायचं हे कुणी ठरवलं नाही तर ती मदत शेजाऱ्याच्या विहिरीवर उठते.

पाटाच्या पाण्यावर तिथं मीराब असतो. आपला पाटकरी म्हणा, पण सरकारी नोकर नव्हे, शेतकऱ्यांनीच नेमलेला. कुणाची पाळी कधी, किती वेळ, हे तो ठरवतो आणि सुगीला त्याला गव्हात मेहनताना देतात. पुण्यात शिकणारा नंगरहारकडचा, म्हणजे जलालाबादच्या प्रांतातला, एक विद्यार्थी मागं आमच्याकडं जेवायला आला होता, त्याला मी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा दाखवायला नेला. तो खूप वेळ नुसता बघत राहिला आणि मग त्यानं विचारलं, इथला मीराब कोण? मी त्याला पाणीपुरवठा संस्था, सभासद, पाळी, पाणीपट्टी, थकबाकी सगळं सांगितलं आणि त्याला ते एका मिनिटात कळलं, इथल्या शहरातल्या पोरांना समजवायला मला अर्धा तास लागतो.

आता त्याच नंगरहारमधली गोष्ट, मला या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची वाटते ती. तेत्सु नाकामुरा नावाचा जपानी डॉक्टर १९८४ मध्ये पेशावरला कुष्ठरोग्यांवर उपचार करायला आला, तिथं अफगाण निर्वासित भेटले, मग तो त्यांच्या डोंगरात दवाखाने चालवायला गेला. २००० साली भयंकर दुष्काळ पडला. पोरं गढूळ पाणी पिऊन जुलाबानं मरत होती. औषधानं हे थांबणार नाही, आधी पाणी पाहिजे, हे डॉक्टरानं ओळखलं, सोळाशेच्या आसपास विहिरी खणून घेतल्या, आणि २००३ मध्ये, कुठली इंजिनिअरिंगची डिग्री नसताना, कुनार नदीतनं कालवा काढायला घेतला. मरवारीद त्याचं नाव, म्हणजे मोती. सात वर्षांत साधारण २५ किलोमीटर कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत गेला.

पण दादा, तो कसा बांधला ते बघा. काँक्रीटचा उंच बांध घातला असता तर पहिल्या मोठ्या पुरात गेला असता, आणि दुरुस्तीला सिमेंट, मशिनरी, परदेशी तज्ज्ञ. नाकामुरांनी आपल्या मुलखातला, जपानच्या चिकुगो नदीवरचा १७९० सालचा यामादा बंधारा डोळ्यापुढं ठेवला. नदीत तिरका घातलेला दगडांचा बांध, पूर आला की पाणी वरनं निघून जातं आणि उन्हाळ्यात मात्र पातळी कालव्याच्या तोंडाला लागते. काठाला तारेच्या जाळीत दगड भरून रचले आणि त्यामागं वाळुंजाची झाडं लावली, मुळं दगडात शिरून काठ घट्ट धरतात. जाळी विणायला, दगड भरायला, झाड लावायला गावातला कुठलाही माणूस चालतो. कामावर होते तेच परत आलेले निर्वासित आणि कालपरवापर्यंत बंदूक धरणारी पोरं, रोजंदारीवर. उद्या कालवा फुटला तर कुठं हात घालायचा हे त्यांना माहीत, कारण तो त्यांनीच रचलाय.

आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बांधणीत वेगळा, दगडी खांब आणि मधे बरगे, म्हणजे घालता-काढता येणाऱ्या फळ्या. पण पावसाळ्याआधी आपण बरगे काढतो, पूर जाऊ देतो, पाऊस संपला की बरगे घालून पाणी अडवतो, म्हणजे नदीच्या जोरापुढं उभं ठाकायचं नाही हे शहाणपण तेच. आणि राधानगरीच्या धरणाचं स्वप्न बघणारे शाहू महाराज तुमच्याच मातीतले, पाण्यानं माणूस कसा उभा राहतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

नाकामुरांच्या संस्थेच्या कामानं पुढं साधारण १६ हजार हेक्टरला पाणी मिळालं, लाखो माणसं त्यावर जगतात, उजाड पडलेल्या गावांत लोक परत नांदायला आले. ४ डिसेंबर २०१९ ला जलालाबादमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते आणि त्यांच्याबरोबरची पाच अफगाण माणसं गेली. कालवा वाहतोय आणि त्यांच्या माणसांनी काम पुढं चालू ठेवलंय.

ट्रॅक्टर-बियाण्याचं विचारलंत. गव्हाचं बियाणं आणि खत देतात, ते लागतंच, विशेषतः २०२२ नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये तालिबाननं अफूवर बंदी घातली. अफूचं क्षेत्र २०२२ ला २ लाख ३३ हजार हेक्टर होतं ते २०२३ ला १० हजार ८०० वर आलं. जगाच्या दृष्टीनं चांगलंच झालं, मलाही अफू नकोच आहे, पण गव्हात त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा पैसा मिळत नाही. उद्या तुम्हाला कुणी सांगितलं की या वर्षी ऊस बंद, लावायचं ते लावा, तर सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, मजुरांची उचल याचं काय होईल? तिथल्या कुळानं राबणाऱ्या शेतकऱ्याचं ते झालं. म्हणून केशर, बदाम, डाळिंब यांची लागवड आणि त्याला बाजार हे खरं काम, पण बदाम हाताशी यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर पोट कशावर, हा विचार करून जो कार्यक्रम आखतो तोच टिकतो.

अब्जावधी डॉलर गेले तिकडं. आमच्या नोकरीत लाखाच्या कामात काय होतं ते बघितलंय. हे सगळं पुढाऱ्यांनीच खाल्लं असणार. मग द्यायचं कशाला? — निवृत्त ग्रामसेवक, गडहिंग्लज

खाल्लं, होय. एकट्या अमेरिकेनं वीस वर्षांत १४५ अब्ज डॉलरच्या आसपास 'पुनर्उभारणी'वर खर्च केला, त्यातला निम्म्याहून जास्त सैन्य आणि पोलिसांवर, आणि त्यांच्याच तपासनीसांनी कागदावरच्या शाळा, न वापरलेल्या इमारती, गायब झालेला माल यांचे अहवाल वर्षानुवर्षं लिहिले. हे लपवून काही मिळवायचं नाही.

पण भाऊसाहेब, तुम्ही ग्रामसभा घेतलेला माणूस, म्हणून तुम्हाला दुसरी बाजू सांगायलाच पाहिजे. २००३ मध्ये तिथल्या ग्रामीण विकास मंत्रालयानं राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम सुरू केला. गावानं गुप्त मतदानानं समिती निवडायची, बायकांनाही त्यात जागा, गावानं बसून आपली गरज ठरवायची, आणि मग घरटी २०० डॉलर या हिशेबानं, जास्तीत जास्त ६० हजार डॉलर, गावाच्या खात्यावर. दहा टक्के गावाचे, पैशात नाहीतर श्रमात. हजारो गावांत हातपंप, छोटे पूल, पाट, ओढ्यावरची वीज असली कामं झाली. ५०० गावं घेऊन याचा अभ्यासही झाला, २५० गावांना आधी पैसे, २५० ना नंतर, म्हणजे तुलना करता यावी. पिण्याचं पाणी आणि वीज सुधारली, मुली शाळेत जास्त गेल्या, गावच्या कामात बायकांनी बोलावं हे पुरुषांना थोडं तरी पटायला लागलं. पाटबंधारे आणि रस्त्यांच्या कामांचा फरक मात्र फारसा दिसला नाही, आणि लोकांच्या कमाईत टिकाऊ वाढ झाली नाही. म्हणजे दोन्ही ऐकायचं, यश पण आणि अपयश पण.

मला त्यातनं घ्यावंसं वाटतं ते असं, की काम कुणी सुचवलं आणि पाच वर्षांनी हातपंपाचा वायसर गेला तर तो कोण बदलणार, हे दोन प्रश्न देण्याआधी संस्थेला विचारायचे. उत्तर गोलगोल आलं तर पुढं जायचं. 'द्यायचं कशाला' याला माझं उत्तर एवढंच की तिथं आज २ कोटींहून जास्त लोकांना मदतीशिवाय भागत नाही, आणि ज्यांनी खाल्लं ते ही माणसं नव्हेत. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं आपली परदेशी मदत रोखली, त्यानं गावोगावचे दवाखाने बंद पडले. ते दवाखाने कुणी पुढारी वापरत नव्हते हो.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करतेय. तिथं बायकांना काम करायला बंदी आहे तर बायकांपर्यंत मदत पोचते कशी? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

अवघड आहे, आणि काही ठिकाणी पोचतच नाही. २४ डिसेंबर २०२२ ला तालिबाननं स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करायला बंदी घातली, एप्रिल २०२३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांनाही लावली. सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद, विद्यापीठं बंद. आरोग्याच्या कामाला थोडी सूट आहे, पण डिसेंबर २०२४ मध्ये मुलींना नर्स आणि सुईणीचं शिक्षण घेणंही बंद केलं. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ काही सुचेना. परक्या पुरुषानं बाईला तपासायचं नाही आणि नवीन बाई शिकवायची पण नाही, मग डोंगरातल्या गावात बाळंतपण करणार कोण?

२०१९ ला छावणीत तुझ्यासारख्याच दोन पोरी होत्या म्हणून आम्हाला कळलं की बायका दोन दिवस पॅड मागायला लाजत होत्या, टेबलाशी सगळे पुरुष बसलेले. एक पोरगी वर्गाच्या दाराशी बसवली आणि अर्ध्या तासात यादी तयार. ही साधी गोष्ट आहे, बाईशी बाईनंच बोलावं लागतं, आणि अफगाण गावात तर विधवा बाई, जिच्या घरात कर्ता पुरुष नाही, ती यादीतनंच गळते.

तरी काम थांबलेलं नाही. काही जिल्ह्यांत गावच्या वडीलधाऱ्यांशी, स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलून बोलून संस्थांनी परवानगी मिळवली, बाई कार्यकर्ती आपल्या घरच्या पुरुषाला बरोबर घेऊन जाते, त्याचाही प्रवासखर्च संस्था देते. कुणाच्या तरी घरातल्या खोलीत सहावीपर्यंतचे वर्ग चालतात. शिवणकाम, केशर निवडणं, सुकामेवा असली घरातनं होणारी कामं चालतात. आपल्या अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेनं २००८ पासून काबूलमध्ये बागे-जनाना इथं बायकांना शिवण, भरतकाम, खाद्यप्रक्रिया शिकवली होती, शिकलेल्या बायकांनी पुढच्यांना शिकवलं. तुझ्या प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर तो नीट अभ्यास.

आम्ही अफगाणी अंजीर, हिंग घेतो, त्याचा त्या लोकांना काही उपयोग होतो का? — गृहिणी, राजारामपुरी

होतो. आपल्या देशात लागणारा बहुतेक हिंगाचा कच्चा माल अफगाणिस्तानातनं येतो, आपल्या कांदा-लसूण चटणीतला हिंग सुद्धा. तिकडं तो डोंगरात रानटी वाढतो आणि गोळा करणारी माणसं गरीब असतात. मधले दलाल पुष्कळ खातात हे खरं, पण बाजार बंद पडला तर गोळा करणाऱ्याला तेवढंही मिळत नाही. अंजीर, मनुके, जर्दाळू घेताना लक्ष्मीपुरीत दुकानदाराला माल कुठला ते विचारत जा.

आमचे आजी-आजोबा सिंधमधून आले, मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला वाढलो. भारतात अफगाण निर्वासितांना आपल्यासारखा आसरा मिळतो का? — एक वाचक, गांधीनगर

तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. कायद्याचं आधी सांगते, ते छोटं आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अफगाण लोक बहुतेक दिल्लीत राहतात, लाजपत नगर, भोगल भागात, काहींकडं यूएनएचसीआरचं कार्ड असतं, पण त्यावर नोकरी, भाड्यानं घर, पोरांचा दाखला सहज होतो असं नाही. ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी आलेल्या अफगाण हिंदू-शीख आणि इतर काही अल्पसंख्याकांना नागरिकत्वाच्या २०१९ च्या दुरुस्तीचा आधार आहे, त्यानंतर आलेल्यांना आणि मुसलमानांना तो नाही. विद्यार्थी पुष्कळ येतात, पुण्यात तर बरीच वर्षं, आणि २०२१ नंतर घरनं पैसे बंद झाल्यावर त्यातल्या कितीकांची मेसची बिलं मित्रांनी भरली. माझं मत विचाराल तर या देशाला निर्वासितांचा कायदा हवा, माणूस कुठल्या धर्माचा हे न बघता, त्याला परत पाठवलं तर जिवाचं काय होईल एवढं बघणारा.

दुसरं उत्तर तुम्ही राहता त्या जमिनीवरचं. तुमच्या आजी-आजोबांना जिथं आसरा मिळाला तिथं त्यांच्या आधी पोलंडचे निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीनं सायबेरिया, कझाकस्तानात हाकललेली माणसं, १९४२ मध्ये तिथनं सुटून आधी पोचली इराणला, हो, आज अफगाणांना हाकलणाऱ्या त्याच इराणनं तेव्हा त्यांना जागा दिली, आणि तिथनं त्यातले जवळजवळ ५ हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या, छावणीत राहिले. बराकी होत्या, पण त्यांची शाळा त्यांनीच चालवली, चर्च, नाटक, दुकानं, छावणीचा कारभार सुद्धा. कोल्हापुरानं जागा दिली आणि त्यांना आपलं आपण जगू दिलं. ते गेले आणि त्याच वसाहतीत तुमची माणसं आली, सगळं मागं टाकून, आणि तिथनं कापडाची एवढी मोठी बाजारपेठ उभी केली.

२०१९ च्या सप्टेंबरात, आपला महापूर नुकताच ओसरला होता, तेव्हा त्या छावणीत लहानपण घालवलेली म्हातारी पोलिश माणसं कोल्हापूरला आली होती. महावीर उद्यानातला त्यांचा स्मारकस्तंभ तुम्ही बघितला असेलच.

तुमच्या आजी अजून आहेत असं तुम्ही व्हॉइस नोटमध्ये म्हणालात. त्यांना एवढं विचाराल का, की बराकीत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना काय काय मिळालं, कुणी आणून दिलं, आणि त्यातलं काय उपयोगाला आलं आणि काय नाही? सिंधीत सांगितलं तरी चालेल, तसंच रेकॉर्ड करून पाठवा, मराठी करून पुढच्या अंकात इथंच छापू.